छावणीतील अर्धी लोकशाही

आपल्या देवळालीचे नाव इंग्रजी भाषेत शिरले ते भ्रमिष्टपणाच्या अर्थाने. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथील छावणीत महिनोन्महिने पडून राहत. ऊन, ताप आणि रिकामपण यांनी त्यांचे चित्त ठिकाणावर राहत नसे. ‘डूलाली’ म्हणजे डोके फिरलेला, हा अर्थ तेथून रूढ झाला आणि पुढे शब्दकोशातही गेला. ज्या हवेसाठी मुंबईचे श्रेष्ठी येथे आरोग्यभवने बांधत आले, त्या हवेच्या गावाला अशी कीर्ती लाभावी ही गंमतच म्हणायची. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला या गावाचे दुसरेच एक वैशिष्ट्य अधिक विचारात पाडते. येथील रहिवासी लोकसभेच्या आणि विधानसभेच्या निवडणुकीत पूर्ण मतदार असतो. घरासमोरचा दिवा, गटार, पाणीपट्टी आणि बांधकामाची परवानगी यांच्या बाबतीत मात्र त्याच्या मताचे वजन कायद्यानेच अर्ध्यावर ठेवलेले आहे. लोकशाहीची मूलतत्त्वे पाठ्यपुस्तकात वाचण्यापेक्षा ती अशा ठिकाणी पाहावीत. जेथे एखादे तत्त्व अपुरे पडते तेथेच त्याची किंमत कळते.

देवळालीची छावणी १८६१ सालची. त्या काळी छावणी म्हणजे सैन्य आणि सैन्याच्या गरजा भागविणारा बाजार. वाणी, कापडवाले, धोबी, भिस्ती, गवळी हे सारे ‘सदर बाजारा’त राहत, पण ते राहत ते लष्कराच्या मर्जीने. १८६४ पासून छावण्यांसाठी स्वतंत्र कायदे होत गेले, १८८९ आणि १९१० साली ते पुन्हा नव्याने केले गेले. त्या सर्वांत न्याय, कर, स्वच्छता आणि शिक्षा ही सूत्रे थोड्याच अधिकाऱ्यांच्या हाती होती. लॉर्ड रिपन यांनी १८ मे १८८२ च्या ठरावाने नगरपालिकांत लोकनियुक्त सभासद असावेत हे तत्त्व मांडले, कारभार थोडा बिघडला तरी चालेल पण लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळाले पाहिजे, असा त्यामागचा विचार होता. त्या ठरावाचा वारा नाशिकसारख्या शहरांपर्यंत पोहोचला, छावणीच्या हद्दीत मात्र तो अडला. छावण्यांतील नागरिकांनी संघटित होऊन मागणी लावून धरल्यावर १९२४ च्या कँटोन्मेंट कायद्याने मंडळावर निवडून आलेले सभासद बसविण्याची व्यवस्था झाली. म्हणजे शेजारच्या नगरपालिकेला जे तत्त्व १८८२ नंतर मिळाले, ते छावणीला मिळण्यास चाळीस वर्षे अधिक लागली.

हा कायदा स्वातंत्र्यानंतरही तब्बल सहा दशके चालला. त्याच्या जागी २००६ चा कायदा आला. त्यानुसार पन्नास हजारांहून अधिक वस्तीची छावणी पहिल्या वर्गात मोडते. २०११ च्या जनगणनेत देवळाली छावणीची लोकसंख्या ५४,०२७ होती. अशा मंडळात लोकांनी निवडलेले सदस्य ८ आणि पदसिद्ध व नियुक्त सदस्यही ८. पदसिद्धांत ठाण्याचा प्रमुख लष्करी अधिकारी हा अध्यक्ष. त्याच्यासोबत जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी, मुख्य कार्यकारी अधिकारी, आरोग्य अधिकारी, कार्यकारी अभियंता आणि तीन लष्करी अधिकारी. लोकनियुक्तांनी आपल्यातून उपाध्यक्ष निवडावयाचा. खासदार व आमदार यांना बैठकीचे निमंत्रण असते, मताचा अधिकार नसतो. मते समसमान पडली तर अध्यक्षांचे निर्णायक मत. आता हिशेब वाचकांनीच करावा. आठही वॉर्डांचे आठही नगरसेवक एकमुखाने उभे राहिले तरी ते फार तर बरोबरीला येतात, आणि बरोबरीचा निकाल खुर्चीवरून लागतो.

यात केवळ अन्याय पाहणे एकांगी होईल. छावणीचे मूळ प्रयोजन सैन्य हे आहे. तोफखान्याचे प्रशिक्षण देणारे विद्यालय फाळणीनंतर देवळालीस आले. दारूगोळा, सराव-मैदाने आणि हजारो जवान ज्या भूमीवर आहेत तेथील जमीन व सांडपाणी यांचा कारभार निव्वळ बहुमतावर सोडता येत नाही, हा लष्कराचा युक्तिवाद पोकळ नाही. शिस्तीने चालणाऱ्या छावण्यांतील रस्ते, झाडी आणि मोकळी जागा पाहून शेजारच्या महापालिकांचे नागरिक हेवा करतात, हेही खरे. परंतु लोकशाहीचा प्रश्न ‘कारभार चांगला आहे का?’ एवढाच कधीच नसतो. ‘हा कारभार कोणाच्या संमतीने चालतो आणि तो बिघडल्यास जाब कोणाला विचारायचा?’ हा तिचा प्रश्न असतो. चांगला अधिकारी बदलून गेला की चांगुलपणाही त्याच्या सामानाबरोबर जातो. वॉर्डातून निवडून आलेला माणूस मात्र उद्याही त्याच गल्लीत राहावयाचा असतो. उत्तरदायित्व या जड शब्दाचा व्यवहारातला अर्थ हाच.

संमतीचे हे तत्त्व आपल्या देशात किती झपाट्याने रुजले त्याची जाणीव नव्या पिढीला राहिलेली नाही. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मतदार सुमारे तीन कोटी होते. शेतसारा, कर, शिक्षण अशा अटी ज्याच्या पदरी, त्यालाच मत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदारयादी १७ कोटींच्या पुढे गेली. राज्यघटना अद्याप लिहून पूर्ण झालेली नव्हती, तेव्हाच म्हणजे १९४८ पासून याद्यांचे काम सुरू झाले होते, आणि त्यातली मोठी अडचण निर्वासितांची होती. यादीत येण्यासाठी ठराविक दिवसांचे वास्तव्य हवे. काल आगगाडीतून उतरलेल्या माणसाने ते कोठून आणावे? तेव्हा असे ठरले की, येथे कायम राहण्याचा इरादा त्याने सांगितला तर तेवढ्यावर त्याचे नाव तूर्त दाखल करून घ्यावे. मुंबई प्रांतात सिंधी निर्वासितांसाठी ज्या छावण्या उघडल्या गेल्या त्यांत कल्याणप्रमाणे देवळालीही होती. घर, दुकान, शेती, सारे मागे टाकून आलेल्या माणसाला या देशाने पहिली जी गोष्ट देऊ केली ती मत ही होती, ही गोष्ट मला त्या संपूर्ण इतिहासातील सर्वांत हृद्य वाटते. मालमत्तेवरून मत देण्याची पद्धत आणखी पाच वर्षे चालती तर ही माणसे मतदार झालीच नसती.

त्याच यादीतील दुसरी हकिगत इतकी सुखद नाही. उत्तरेकडील अनेक प्रांतांत लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगण्यास नकार दिला. ‘अमक्याची पत्नी’, ‘तमक्याची कन्या’ एवढीच नोंद त्यांनी करू दिली. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरण्याचे नाकारले आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. निर्णय कठोर होता, पण पुढच्या निवडणुकीत बहुसंख्य स्त्रिया आपापल्या नावाने यादीत आल्या. एका सरकारी रकान्याने घरातील स्त्रीला स्वतःचे नाव उच्चारावयास लावले. लोकशाही समाजाला घडविते म्हणजे काय, याचे उत्तर शोधणाऱ्याने हा रकाना डोळ्यांपुढे ठेवावा. मुंबई प्रांतात, अर्थात, मर्यादित मताधिकार असलेल्या स्त्रियांना १९२१ पासूनच मतदानाची वाट मोकळी झाली होती, हे आपल्या प्रांताच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. त्यासाठी लागलेल्या पोलादी पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या मुंबईजवळच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. आणि त्याच मुंबईत घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर पराभूत झाले. त्यांच्याविरुद्ध निवडून आलेले नारायण काजरोळकर हे त्यांच्या मानाने अल्पपरिचित कार्यकर्ते होते. निकालाबद्दल बाबासाहेबांची तक्रार होती, परंतु ती त्यांनी मांडली ती कायदेशीर अर्जाच्या मार्गाने. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीसमोर बोलताना त्यांनी स्वतःच बजावले होते की, घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना इतर मार्ग सोडून द्यावेत, कोणाही थोर पुरुषाच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये आणि राजकीय समतेच्या जोडीला सामाजिक समता आणावी. तिन्ही सूचना आजच्या सभामंडपांतही लागू पडतात. मंडप राजकीय असो वा अन्य.

येथे वाचकांच्या मनात एक शंका आली असेल. लोकशाही ही पाश्चात्त्यांची देणगी की आपल्याकडेही ती होती? जैन समाजात हा प्रश्न निघाला की वैशालीचे नाव निघतेच, आणि ते रास्तही आहे. भगवान महावीरांची माता त्रिशला ही लिच्छवींच्या चेटक राजाच्या कुळातील. निर्वाणाच्या अमावास्येस ज्या अठरा गणराजांनी दीप उजळले असे कल्पसूत्र सांगते, ते नऊ मल्ल व नऊ लिच्छवी हे वंशपरंपरागत एकछत्री राजे नव्हते. ते गणांचे प्रमुख होते. दरवर्षी दिवाळीस आपण ज्यांचे स्मरण करतो तो प्रसंग गणराज्यांच्या इतिहासातीलही आहे, हे थोड्यांच्या ध्यानी येते. वज्जींची सभा होती, एकत्र बसून विचार करण्याची रीत होती, आणि मगधाच्या अजातशत्रूला तीच सलत होती. भगवती सूत्रात ज्यांची वर्णने येतात ती महाशिलाकंटक आणि रथमुसल ही युद्धे म्हणजे एका साम्राज्याने एका गणसंघावर केलेली चाल होय. मात्र अभिमानाच्या भरात एवढे विसरू नये की त्या सभेत बसण्याचा अधिकार क्षत्रिय कुलप्रमुखांचा होता. दास, कारागीर आणि स्त्रिया सभागृहाबाहेर होत्या. ती चर्चेने चालणारी राज्ये होती, सर्वांची नव्हती. ‘सर्वांची’ हा शब्द विसाव्या शतकाने जोडला, आणि त्यासाठी नाशिकनेही किंमत मोजली.

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आणि कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य स्त्रीपुरुष चार-पाच वर्षे त्या दारांपाशी येत राहिले. दारे उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यास बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. आपल्या छावणीपासून हाकेच्या अंतरावर घडलेली ही घटना आहे. स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबई प्रांताने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. तो जैन मंदिरांस लागू होतो का, हा वाद सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या जैन मंदिरावरून उद्भवला आणि १९५१ साली उच्च न्यायालयाने निर्णय दिला: हा कायदा हिंदूंमधील भेद मिटविण्यासाठी आहे, ज्या मंदिरात इतर हिंदूंनाच हक्क म्हणून प्रवेश नाही तेथे तो हरिजनांनाही या कायद्याने मिळत नाही. आचार्य शांतिसागर महाराजांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षे अन्नत्याग केला होता. निर्णयाने समाजात समाधान पसरले. पुढे १९५६ च्या नव्या कायद्यात ‘हिंदू’ या शब्दाच्या व्याख्येत जैन, शीख व बौद्ध यांचाही समावेश झाला आणि स्थिती पालटली. या प्रकरणाकडे केवळ आपला विजय म्हणून पाहणे मला प्रशस्त वाटत नाही. अल्पसंख्य समाजाला आपली ओळख जपण्याचा हक्क आहे, हे एक तत्त्व. कोणाही मनुष्याला जन्मावरून दारात अडवू नये, हे दुसरे. दोन्ही खरी आहेत, दोन्ही एकाच वेळी न्यायालयात उभी राहतात, आणि लोकशाहीत त्यांचा तंटा एकदाच कायमचा मिटत नाही. ज्या धर्माच्या समवसरणात प्राणिमात्रास जागा आहे त्याच्या अनुयायांना दुसरे तत्त्व कायद्याने शिकवावे लागू नये, एवढे म्हणून पुढे जातो.

आता ज्या खटल्याचा आपल्यासारख्या प्रत्येक संस्थेच्या दप्तराशी प्रत्यक्ष संबंध आहे त्याकडे वळू. मुंबई राज्याने १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा केला. तोवर अनेक देवस्थानांचे हिशेब वहिवाटदारांच्या फडताळात असत. कायद्याने नोंदणी, हिशेबतपासणी आणि धर्मादाय आयुक्तांची देखरेख आणली. त्यास आव्हान दिले ते गुजरातेतील पंचमहाल भागातील वेजलपूरच्या श्वेतांबर जैन मंदिराचे वहिवाटदार रतिलाल पानाचंद गांधी यांनी. पारशी पंचायतीचे विश्वस्तही न्यायालयात आले. मुंबई उच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १८ मार्च १९५४ रोजी न्या. बिजनकुमार मुखर्जी यांनी सांगितला. राज्याने हिशेब तपासावेत, नोंदणी सक्तीची करावी, या कामाच्या खर्चासाठी वर्गणी घ्यावी, हे सर्व न्यायालयाने मान्य केले. परंतु कोणत्याही सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा विश्वस्त म्हणून सरसकट धर्मादाय आयुक्तालाच बसविता येईल, ही तरतूद रद्द केली. तसेच दात्याने एका धार्मिक कार्यासाठी दिलेला निधी शासनाला किंवा न्यायालयाला केवळ अधिक उपयुक्त वाटते म्हणून भलत्याच कामाकडे वळविता येणार नाही, असेही सांगितले. देवद्रव्य हा शब्द ज्यांच्या कानावर लहानपणापासून आहे त्यांना या भागाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

या निकालात लोकशाहीचे एक मर्म दडलेले आहे. सत्ता लोकांनी निवडून दिलेली असली तरी तिला कुंपण असते. बहुमताच्या सरकारलाही देवघरात विश्वस्त होऊन बसता येत नाही. आणि त्याच वेळी देवघराच्या नावाखाली हिशेब झाकताही येत नाही. एका सामान्य वहिवाटदाराने नव्या राज्याविरुद्ध दाद मागावी आणि त्यात त्याला अर्धे यश मिळावे, तेही प्रजासत्ताक अवघे चार वर्षांचे असताना, हे संस्थाने आणि साम्राज्ये पाहिलेल्या पिढीला नवलाचे वाटले असले पाहिजे.

त्या कायद्याचे नाव आता महाराष्ट्राशी जोडले गेले असले, तरी त्याची शिस्त तीच आहे. विश्वस्त बदलले की बदल अर्ज, दरवर्षी तपासलेले हिशेब, सभेची पूर्वसूचना, गणसंख्या, इतिवृत्त. कंटाळवाण्या वाटणाऱ्या या कागदांना मी लोकशाहीची बाराखडी म्हणेन. विश्वस्त मंडळाची निवडणूक हीच अनेकांच्या आयुष्यातील पहिली निवडणूक असते, ज्यात विरुद्ध उभा राहिलेला माणूस अनोळखी नसतो. तो व्याही असतो, शेजारचा दुकानदार असतो, किंवा सकाळी पूजेला शेजारी उभा राहणारा असतो. तेथे हरलेल्याने दुसऱ्या दिवशी देवळात यावे आणि जिंकलेल्याने त्याला पुढे जागा द्यावी, हे ज्या समाजाला साधते त्याला मोठ्या निवडणुका जड जात नाहीत. ‘बिनविरोध’ या शब्दाचे आपल्याकडे फार कौतुक आहे. एकोपा उत्तमच; पण विरोधाची भीती म्हणून आलेला बिनविरोधपणा आणि चर्चा होऊन आलेली एकवाक्यता यांत भेद आहे. अनेकांताचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी दुसऱ्या बाजूस ‘विरोधक’ म्हणण्यापूर्वी ती बाजू ऐकून घ्यावी. बायकांची नावे वर्गणीच्या यादीत प्रथम आणि विश्वस्तांच्या यादीत अखेर, असे चित्र अनेक संस्थांत दिसते, तेही यानिमित्ताने बोलून ठेवतो. छावणीच्या मंडळातसुद्धा एकतृतीयांश लोकनियुक्त जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत.

छावणीचा उल्लेख पुन्हा आला तो योग्यच झाला, कारण तिची कथा अर्धवट राहिली होती. देवळालीसह देशभरच्या छावणी मंडळांची निवडणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. ती मुदत वाढवून झाल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये लोकनियुक्त मंडळे संपुष्टात आली आणि त्यांच्या जागी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी व केंद्राने नेमलेला एक नागरिक अशी त्रिसदस्य व्यवस्था आली. कायद्यात विशेष परिस्थितीसाठी ठेवलेली ही वाट पुढे वर्षामागून वर्षे वापरात राहिली. दरम्यान २०१६ साली पचमढी छावणीच्या निवडणुकीवरून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, अनधिकृत बांधकामात राहणाऱ्यांना छावणीच्या मतदारयादीत स्थान नाही, असे ठरविले होते. त्याची अंमलबजावणी होऊ लागताच अनेक छावण्यांत हजारो नावे उडाली. ज्यांचे नाव लोकसभेच्या यादीत आहे त्यांचेच नाव वॉर्डाच्या यादीत नाही, अशी स्थिती झाली. १९४८ साली निर्वासिताच्या शब्दावर नाव नोंदविणारा देश आणि घराच्या नकाशावरून नाव खोडणारा देश एकच आहे, हे लक्षात घेतले की कायदा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आधी मागतो यावर किती अवलंबून असते ते उमगते. ३० एप्रिल २०२३ ही ५७ छावण्यांच्या निवडणुकीची तारीख जाहीर झाली आणि मार्च महिन्यातच ती अधिसूचना मागे घेण्यात आली. शेजारी नाशिक महापालिकेची मुदतही मार्च २०२२ मध्ये संपली होती, आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथेही प्रशासकांचाच कारभार होता. म्हणजे छावणीची वेस ओलांडून पलीकडे गेल्यानेही त्या काळात पूर्ण मत मिळत नव्हते.

निवडणूक रद्द होण्याच्या मागे मोठे धोरण होते. छावण्यांतील नागरी वस्ती लष्करी भागापासून वेगळी करून ती शेजारच्या स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे केंद्राने ठरविले, आणि एप्रिल २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योल ही त्या वाटेने जाणारी पहिली छावणी ठरली. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, कामठी, अहमदनगर, औरंगाबाद आणि देवळाली अशा सात छावण्यांपुढे हा प्रश्न आला. आपल्या गावापुरता तो असा मांडता येईल: वस्ती महापालिकेत जाणार की भगूरसारख्या शेजाऱ्याबरोबर वेगळी नगरपालिका होणार? मंडळाच्या शाळा, रुग्णालय आणि कर्मचारी कोणाकडे जाणार? घरपट्टी किती वाढणार? लॅम रोडवरील जुन्या बंगल्यांची आणि आरोग्यभवनांची जमीन आज संरक्षण खात्याच्या नोंदवहीत आहे. ती नोंद पुढे कोणाच्या नावे राहणार, आणि त्या जमिनींवर उभ्या असलेल्या धर्मादाय संस्थांचे काय? यांतील एकही प्रश्न भावनेने सुटणारा नाही. ज्या मंडळात या प्रश्नांवर वॉर्डावॉर्डाचे म्हणणे इतिवृत्तात नोंदले जावयाचे, त्यातील लोकनियुक्तांच्या आठ खुर्च्या २०२१ मध्येच रिकाम्या झाल्या, आणि विलीनीकरणाची चर्चा सुरू झाली ती त्यानंतर.